क्यूदो शिकायचं म्हणताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानात राहणाऱ्या मराठी माणसाची क्यूदोशी, म्हणजे जपानी धनुर्विद्येशी, पहिली गाठ बहुधा अशीच पडते. वॉर्डाच्या क्रीडा केंद्रात बॅडमिंटन खेळायला जावं, आणि शेजारच्या दारातून माणसापेक्षा उंच धनुष्यं घेतलेले सत्तरीचे आजी-आजोबा निवांत बाहेर पडताना दिसावेत. मग प्रश्न सुरू होतात: हे काय असतं, मला जमेल का, याने माणूस बदलतो म्हणतात ते खरं का? मला हे इतक्या जणांनी विचारलंय की उत्तरं एकदाची लिहून काढलेली बरी. मी सेन्सेई, म्हणजे शिकवणारा गुरू, नाही, मधल्या फळीतला शिकणारा आहे. तेव्हा जिथे माझं मत दिसेल तिथे ते मत म्हणूनच घ्या.

क्यूदो म्हणजे तिरंदाजीच ना?

हो, धनुष्य आहे, बाण आहे, समोर लक्ष्य आहे. त्यापुढे मात्र बरंच वेगळं आहे.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्यावर वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा आपल्याकडे घराघरांत तिरंदाजीची चर्चा झाली. त्यांच्या धनुष्याला कप्प्या असतात, नेम धरायला भिंग असतं, दोर सोडायला कळ असते. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचं. तिथे मिलिमीटरचा हिशेब चालतो.

क्यूदोच्या धनुष्याला, म्हणजे युमीला, यातलं काहीच नसतं. बाण टेकवायलाही काही नसतं. तो डाव्या हाताच्या अंगठ्यावर ठेवायचा. नेहमीच्या मापाची युमी २२१ सेंटिमीटर लांब असते आणि ती मधोमध धरत नाहीत. मूठ खालून साधारण एक तृतीयांशावर असते, त्यामुळे वरचा भाग लांब आणि खालचा आखूड. लक्ष्याला मातो म्हणतात. तो ३६ सेंटिमीटर व्यासाचा, लाकडी कड्यावर कागद ताणून केलेला, २८ मीटरवर वाळूच्या उतारात रोवलेला असतो, तोही इतका खाली की त्याचा मध्यबिंदू जमिनीपासून फक्त २७ सेंटिमीटरवर येतो. नेहमीच्या स्पर्धेत वर्तुळांचे गुण नसतात. बाण कडेला लागो की मधोमध, लागला तर लागला. साठ मीटरवरचाही एक प्रकार आहे, पण रोजचा सराव अठ्ठावीसवरच चालतो.

आणि दोर बोटांनी नाही, अंगठ्याने ओढतात. उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा हातमोजा असतो, युगाके. त्याचा अंगठा आतून टणक केलेला असतो आणि त्याच्या बुडाशी दोर अडकवायला खाच असते. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे नेमका अंगठाच का मागितला, हे युगाके चढवल्यावर पाच मिनिटांत समजतं.

युद्धाची विद्या होती, मग ती स्वतःला घडवायची साधना कधी झाली?

निरुपयोगी झाली तेव्हा. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर बंदुका आल्या आणि पुढच्या काही दशकांत रणांगणावर धनुष्याचं महत्त्व ओसरत गेलं. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या शोगुनांच्या राजवटीत, तर लढाया जवळजवळ थांबल्याच. तरी सामुराई घराण्यांनी धनुष्य खाली ठेवलं नाही. मारायला कुणी नाही तर हे का करायचं, या प्रश्नाला प्रत्येक पिढीने आपापलं उत्तर शोधलं, आणि त्या उत्तरांचा साठा म्हणजे आजचं क्यूदो.

ही सगळी उत्तरं सात्त्विक होती असं मात्र समजू नका. क्योतोतल्या सान्जुसान्गेन्दो मंदिराचा ओटा सुमारे १२० मीटर लांब आहे आणि वर छपराचे वासे आहेत. ओट्याच्या एका टोकाला बसून, वाशांना न लागता, बाण दुसऱ्या टोकापार घालवायचे, अशी चोवीस तासांची शर्यत तिथे चालायची. ओवारी आणि किशू या दोन संस्थानांनी ती अब्रूचा प्रश्न केली होती. १६६९ साली ओवारीच्या होशिनो कान्झाएमोनने आठ हजार बाण पार घातले. १६८६ साली किशूच्या वासा दाइहाचिरोने १३,०५३ बाण सोडून त्यातले ८,१३३ पार नेले, आणि तो विक्रम पुन्हा मोडला गेला नाही. आता गंमत बघा. आज असंख्य दोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागांमध्ये, सरावाआधी जी शिकवण एका सुरात म्हटली जाते, ती योशिमी जुन्सेईची, आणि हा योशिमी म्हणजे त्याच वासाचा गुरू. म्हणजे आपण ज्याच्या तोंडची अंतर्मुखतेची वचनं म्हणतो, तो माणूस आकडे मोजणाऱ्यांच्या अड्ड्यातला होता. मला हे फार आवडतं. आकड्याचा ध्यास आणि अंतर्मुखता हे दोन वेगळे लोक नाहीत, एकाच माणसात ते भांडत असतात.

पुढचा इतिहास थोडक्यात. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, ही विद्या मोडकळीला आली. होन्दा तोशिझाने (१८३६–१९१७) यांनी तोक्यो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना ती शिकवली आणि दरबारी व लढाऊ घराण्यांच्या पद्धती जुळवून एक नवी रीत बसवली. धनुष्य समोरून सरळ डोक्यावर उचलायची आजची सर्वांत प्रचलित पद्धत त्यांचीच. १९४५ नंतर अमेरिकी ताब्याच्या काळात मार्शल आर्ट्सवर बंदी आली. १९४९ साली अखिल जपान क्यूदो महासंघ उभा राहिला, २००६ साली आंतरराष्ट्रीय महासंघ.

याने मन शांत होतं का?

सुरुवातीला तर मुळीच नाही. पाहणाऱ्याला शांत वाटतं, कारण सगळे हळू चालतात आणि कुणी बोलत नाही. धनुष्य पूर्ण ताणून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र मंडईसारखा कालवा असतो: खांदा वर आला का, कोपर पडला का, मागच्या वेळी लागला होता, आता सोडू का, मागे सेन्सेई उभे आहेत.

क्यूदोने मिळतं ते दुसरंच. हा कालवा आपल्याला ऐकू यायला लागतो. घरी किंवा ऑफिसात तो चालूच असतो, पण त्यावर पांघरूण घालायला शंभर गोष्टी असतात. इथे हातात ताणलेलं धनुष्य असतं, समोर कागद असतो, बस्स. शांतता हवी असेल तर विपश्यनेला जा किंवा सकाळी नदीकाठी फिरा. आपल्या सबबी कशा असतात ते बघायचं असेल तर इकडे या.

क्यूदो म्हणजे झेन, तो बौद्ध ध्यानपंथ, असं वाचलंय.

जगभर हे ज्याच्यामुळे पसरलं तो ऑयगेन हेरिगेल नावाचा जर्मन प्राध्यापक. १९२४ ते १९२९ या काळात तो सेन्दाइच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होता आणि आवा केन्झो (१८८०–१९३९) या गुरूंकडे धनुर्विद्या शिकला. १९४८ साली आलेलं त्याचं छोटेखानी पुस्तक गाजलं आणि परदेशी लोक धनुष्य हातात घेण्याआधीच समाधीची अपेक्षा घेऊन दोजोत यायला लागले.

अडचण अशी की हेरिगेलला जपानी धड येत नव्हतं. यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने हे सगळं तपासून दाखवलं, की आवा स्वतः कुठल्या झेन मठात शिकलेले नव्हते, त्यांचा पंथ त्यांचा त्यांनीच उभारलेला होता, आणि पुस्तकातले सर्वांत गूढ प्रसंग घडले तेव्हा दुभाषी जवळ नव्हता. हा हेरिगेल पुढे, १९३७ साली, नाझी पक्षाचा सभासद झाला हेही नोंदलेलं आहे. साधनेने माणूस आपोआप शहाणा होतो असं कुणी सांगू लागलं की मी हे उदाहरण पुढे करतो.

दोजोत झेनचं नाव फारसं कुणी काढत नाही. सत्य, सद्गुण आणि सौंदर्य या तीन गोष्टी महासंघाने ध्येय म्हणून मांडल्या आहेत. रोजचं बोलणं मात्र खांदा, कोपर, मनगट आणि पाऊल यांच्याबद्दलच असतं.

पहिले काही महिने शिकवतात तरी काय?

उभं राहायला. हे विनोदाने म्हणत नाहीये.

एक बाण सोडण्याची कृती आठ टप्प्यांत बांधलेली आहे आणि ते आठ टप्पे कायम त्याच क्रमाने येतात. पाय ठेवणं, धड स्थिर करणं, दोर आणि मूठ धरून मान लक्ष्याकडे वळवणं, धनुष्य डोक्यावर उचलणं, दोन्ही हात फाकवत खाली आणत ताणणं, पूर्ण ताणात थांबणं, सुटणं, आणि सुटल्यावर तसंच उभं राहणं. आधी हे रिकाम्या हातांनी करतात. मग मूठ लावलेला एक रबरी दोर देतात, गोमुयुमी, तो ओढत. मग हलकं धनुष्य, बाणाशिवाय. मग बाण येतो, पण मातोवर नाही. गवताचा घट्ट बांधलेला भारा असतो, माकिवारा, त्याच्यापासून जेमतेम एका धनुष्याच्या अंतरावर उभं राहून त्यात बाण मारायचा. तिथे चुकणं शक्यच नसतं. म्हणूनच तिथे शिकता येतं.

अठ्ठावीस मीटरवर कधी उभं करतात ते सेन्सेई ठरवतात. वॉर्डाच्या वर्गात काही आठवड्यांतही करतात, जुन्या वळणाच्या दोजोत बरेच महिने जातात. मला विचाराल तर उशीर झालेला बरा. समोर मातो आला की माणूस लगेच बदलतो, शरीर विसरतो आणि डोळ्यांनी बाण ढकलायला लागतो.

तेच तेच करून कंटाळा येत नाही?

येतो.

नेम धरायचाच नाही, हे खरं का?

ही हेरिगेलच्या पुस्तकाने पसरवलेली अर्धीमुर्धी समजूत आहे. नेम असतो. पूर्ण ताणात डाव्या हातातल्या धनुष्याच्या कडेने मातो कसा दिसतो ते शिकवलेलं असतं. अर्धा मातो धनुष्यामागे झाकला गेला तर त्याला अर्धचंद्र म्हणतात, पूर्ण झाकला गेला तर अंधार, पूर्ण बाहेर दिसला तर पहाटेचा चंद्र. बहुतेकांना अर्धचंद्रावर उभं करतात. सेन्सेई मागे येऊन तुमच्या खांद्यावरून बघतात आणि सांगतात, कारण स्वतःचा नेम बरोबर आहे असं प्रत्येकालाच वाटतं.

पण नेम एकदा बसवला की त्याला छेडायचं नाही. आपण अर्जुनाच्या गोष्टीवर वाढलेलो आहोत. फांदी नाही, पान नाही, दिसतो तो फक्त पक्ष्याचा डोळा. मराठी माणसाला एकाग्रता म्हटलं की हेच आठवतं. इथे सांगतात ते जवळजवळ उलटं. मातोला चिकटलात की मान पुढे जाते, उजवा हात ढिला पडतो आणि डावा खांदा आत दबतो. लक्ष्य डोळ्यात राहू दे, पण लक्ष पाठीत, छातीत आणि तळव्यात असू दे. हे ऐकायला सोपं आहे. शेवटच्या क्षणी नेम 'जरासा सुधारायचा' मोह किती जबर असतो ते ताणात उभं राहिल्यावरच कळतं.

बाण लागला नाही तर कुणी काही बोलतं का?

बाण सुटल्यावर काही क्षण तसंच उभं राहायचं, हात दोन्हीकडे पसरलेले, नजर मातोवर. लागला तरी चेहरा तोच, चुकला तरी तोच. मान हलवायची नाही, जीभ चावायची नाही, हातमोज्याकडे संशयाने बघायचं नाही. हा नियम मला सुरुवातीला नाटकी वाटायचा. आता वाटतं की सगळ्या क्यूदोत एवढं एकच ठेवलं असतं तरी पुरलं असतं. आपण चुकलो की पहिल्या क्षणात चेहऱ्यावर जे येतं ते दुःख नसतं, ती जगाला दिलेली सबब असते: 'मी एरवी असा नाही हं.' ती सबब द्यायची बंदी झाली की चूक तशीच समोर उभी राहते, आणि मग ती बघावी लागते.

बघायलाही भरपूर असतं. चुकलेला बाण कुठे गेला त्यावरून शरीरात काय बिघडलं ते वाचता येतं. बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो, त्यामुळे नुसता सोडला तर तो उजवीकडेच जाऊ पाहतो. त्याला सरळ पाठवायला डाव्या मुठीने धनुष्यात एक पीळ भरावा लागतो. त्या पिळामुळे नीट सुटलेल्या बाणानंतर धनुष्य मुठीत गर्रकन फिरतं आणि दोर हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबतो. बाण उजवीकडे जात राहिले तर अनुभवी डोळे आधी तुमची डावी मूठ बघतात. खाली गेले तर ताण शेवटी ढिला पडला का ते बघतात. दोर गालाला किंवा हाताला सणकून लागला, आणि नवशिक्यांना तो लागतोच, तर तेही एक निदान असतं. वारा, धनुष्य, दोर यांची नावं सगळ्यात शेवटी निघतात.

दोजोत म्हटलं जाणारं आणखी एक वचन आहे, प्राचीन चिनी 'विधिग्रंथा'तून आलेलं. त्याचा आशय असा, की बाण सोडून तो लागला नाही, तर जिंकलेल्याचा राग धरू नये, चुकण्याचं कारण स्वतःत शोधावं. आपल्याकडे हेच 'नाचता येईना अंगण वाकडं' असं म्हणून दुसऱ्याला ऐकवतात. इथे ते स्वतः मोठ्याने म्हणायचं असतं.

हायाके म्हणजे काय? सगळे त्याला एवढे का घाबरतात?

या पानावरचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

पूर्ण ताण आल्यावर काही सेकंद थांबायचं असतं. त्या थांबण्यात शरीर आडवं-उभं वाढत राहतं आणि त्या वाढीतून बाण सुटतो. हायाके झालेल्या माणसाला हे थांबणं जमेनासं होतं. हात गालापाशी आला की बाण सुटतो, कधी त्याच्याही आधी. त्याला सोडायचं नसतं. मनात ठरवून उभा राहिलेला असतो की आज तीन मोजेन, आणि एक म्हणायच्या आत हात उघडलेला असतो. आपण नको म्हणत असताना बोट फोनवर जातं ना, तसंच, फक्त इथे सगळ्या दोजोसमोर.

हे आळशांना होत नाही. ज्यांचे बाण लागायला लागलेत, ज्यांना लागण्याची चटक लागली आहे, त्यांना होतं. शाळा-कॉलेजांच्या क्लबांत चांगल्या खेळाडूंमध्ये ते खूप दिसतं. आणि त्यातली खरी मेख अशी की हायाके झाला तरी बाण बराच काळ लागत राहतात. फळ्यावर लागलेल्या बाणांचे गोल उमटत राहतात, संघात जागा टिकते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. आकडा बरा असताना आतून काहीतरी सुटत चाललंय हे कबूल करायला जे लागतं, ते ताकदीपेक्षा अवघड आहे.

उपायही अपमानास्पद वाटावेत असेच आहेत. परत माकिवारासमोर. परत हलकं धनुष्य, कधीकधी परत रबर. पूर्ण ताणायचं आणि न सोडता हळूच परत आणायचं, पुन्हा पुन्हा, म्हणजे 'ताणलं की सोडायचंच' ही गाठ सुटते. यात महिने जातात, काहींची वर्षं जातात. मातोवर उभ्या असलेल्या नवशिक्यांच्या मागे, कोपऱ्यात गवताच्या भाऱ्यासमोर मुकाट उभे असलेले वरच्या श्रेणीचे लोक तुम्हाला बऱ्याच दोजोंत दिसतील. या कलेने माणूस घडतो असं मला कुठे वाटत असेल तर त्या कोपऱ्यात.

याच्या उलट आजारही आहे, मोतारे. त्यात सुटायची वेळ येऊनही बाण सुटत नाही, माणूस थरथरत धरून बसतो. निर्णय टाळणाऱ्यांचा हा आजार, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण मी दोन्ही प्रकारचे लोक पाहिलेत आणि स्वभावाशी असं सोपं गणित काही जुळत नाही.

मी चाळिशीपुढे आहे, व्यायामाची सवय नाही, गुडघे दुखतात.

या. मांसपेशींच्या जोरावर ओढणारा तरुण सुरुवातीला उलट जास्त अडकतो. योशिमीची शिकवणच आहे की धनुष्याने नव्हे, हाडांनी बाण सोडणं महत्त्वाचं. म्हणजे सांगाडा नीट रचला की ताण हाडं पेलतात. नवशिक्याला आठ ते बारा किलोच्या आसपासचं धनुष्य देतात, जमेल तसं वाढवतात. न वाढवलं तरी कुणी विचारत नाही.

गुडघ्यांचं आधीच सांगा. औपचारिक पद्धतीत टाचांवर बसणं-उठणं असतं, पण उभ्यानेच सगळं करायची मान्य पद्धतही आहे. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच या. ती गंमत नाही.

डावरे असाल तरी धनुष्य डाव्याच हातात धरायचं असतं. सगळे एकाच दिशेला तोंड करून ओळीत उभे असतात, त्यामुळे ही मुभा नाही. चष्मा चालतो.

परीक्षा असतात म्हणे. त्यात नेम बघतात का?

खालच्या श्रेणींना क्यू म्हणतात, वरच्यांना दान; पाचव्या क्यूपासून दहाव्या दानपर्यंत श्रेणी आहेत, आणि वर रेन्शी, क्योशी, हान्शी या उपाध्या. परीक्षेत फक्त दोन बाण मिळतात. आत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत परीक्षक बघत असतात: चालणं, बसणं, श्वास, शेजाऱ्याशी जमवलेली लय. पहिल्या दानसाठी बाण लागलाच पाहिजे अशी अट नाही, मात्र ते भलतीकडे विखुरता कामा नयेत. वर चढाल तसं लागणंही गृहीत धरलं जातं. लेखी उत्तरंही द्यावी लागतात.

श्रेणीची हाव लवकर धरते, याची पूर्वसूचना देऊन ठेवतो. आपण मराठी मध्यमवर्गीय, परीक्षा म्हटली की आपल्याला सुचतं फक्त पास होणं.

बायकांना वेगळं शिकवतात का?

नाही. तोच मातो, तेच अंतर, तीच परीक्षा. छातीला दोर लागू नये म्हणून एक संरक्षक पट्टा बांधतात. वरच्या श्रेणीत किमोनो घालून बाण सोडताना बाह्या बांधायची बायकांची पद्धत वेगळी आहे, एवढाच काय तो फरक.

आत शिरताना वाकून नमस्कार करतात. धार्मिक आहे का?

काही दोजोंत शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचा, देव्हारा असतो, सार्वजनिक केंद्रांत बऱ्याचदा नुसता झेंडा किंवा मोकळी भिंत. वाकणं हे जागेला आणि माणसांना असतं. आपण तालमीत शिरताना माती कपाळाला लावतो, त्या घरचंच हे वळण.

आम्ही चामडं वापरत नाही. हातमोजा हरणाच्या कातड्याचाच लागतो का?

परंपरेने तोच, आणि बहुतेक ठिकाणी तोच हातात देतील. बाणांना पिसं असतात, पूर्वी गरुड-ससाण्याची, आता संरक्षणाच्या कायद्यांमुळे मुख्यतः टर्की किंवा हंसाची. तत्त्वाचा प्रश्न असेल तर वर्गात नाव घालण्याआधी सेन्सेईंशी बोला. नंतर अवघडलेपण येतं.

मुलांना घालू का?

जपानी शाळेत जाणारी मुलं असतील तर माध्यमिक किंवा उच्च माध्यमिक शाळेचा क्यूदो क्लब हा उत्तम रस्ता, क्लब असेल तर. त्याहून लहान मुलांना बऱ्याच सार्वजनिक दोजोंत घेत नाहीत. आणि 'याची एकाग्रता वाढेल' म्हणून घालू नका. वाढायची तर वाढेल, पण तुम्ही दर शनिवारी वाढली का म्हणून विचारलंत तर नक्की नाही.

नोकरीत, घरात याचा खरंच फरक पडतो का?

थोडा पडतो, पण आपोआप नाही. दोजोत अत्यंत नम्र आणि घरी तिरसट असे लोक आहेतच. एका जागी लागलेली सवय दुसरीकडे न्यायची तर ती मुद्दाम उचलून न्यावी लागते.

मला स्वतःला जाणवतो तो फरक अगदी छोटा आहे. काम बिघडल्याचं कळतं तो पहिला क्षण आणि तोंडून निघणारं पहिलं वाक्य, यांच्यात आता फट पडते. पूर्वी तिथे 'पण त्यांनीच उशिरा पाठवलं' हे आधीच भरलेलं असायचं. ती फट दर वेळी पडते असं नाही. पडली तर आधी स्वतःचा कोपर तपासावा हे आठवतं. जपानी सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते हसतात; त्यांच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात धनुष्याला हात लावलेला नसतो.

खर्च किती? काय विकत घ्यायचं?

वॉर्ड किंवा शहर पालिकेच्या नवशिक्यांच्या वर्गात सामान उसनं मिळतं, त्यामुळे सुरुवातीला काही घेऊ नका. पुढे खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी युगाके, मग बाण, धनुष्य सगळ्यात शेवटी. युगाके तुमच्याच हाताला बसवावा लागतो आणि नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो. आत घामासाठी सुती अस्तराचा मोजा घालतात, तो धुता येतो. धनुष्याची ताकद पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बदलत राहते, म्हणून घाई नको. सुरुवातीला फायबरचंच घ्या. बांबूचं धनुष्य सुंदरच असतं, मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो शहरात ती पिढ्यान् पिढ्या बनतात, पण ते हवामान पाहून सांभाळावं लागतं आणि नवशिक्याच्या हातात त्याचे हाल होतात.

दुसऱ्याचे बाण न विचारता वापरू नका. हा शिष्टाचार तर आहेच, पण धोकाही आहे. बाणाची लांबी ज्याच्या त्याच्या हातांच्या मापाची असते. तुमच्यासाठी आखूड असलेला बाण ताणताना टोक मुठीच्या आत येऊ शकतं, आणि मग तो कुठे जाईल सांगता येत नाही.

जपानी येत नाही. आणि भारतात परतल्यावर काय?

आज्ञा ठरावीक आहेत, त्या कानाला लवकर सवयीच्या होतात, आणि सेन्सेई बरंचसं हात धरूनच शिकवतात. तरी सुरक्षेच्या सूचना समजण्याइतकी भाषा हवी. बाण आणायला माणसं वाळूकडे जातात तेव्हाची हाक न कळून चालणार नाही.

परतल्यावर रबरी दोर आणि रिकाम्या हातांनी आठ टप्पे, एवढं कुठेही करता येतं. व्हिडिओ बघून घराच्या गच्चीवर बाण मारायला जाऊ नका. शेजाऱ्यांच्या टाकीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न असा की चुकीची सवय सांगणारा मागे कुणी नसतो.

पहिल्या दिवशी काय घालून जाऊ?

अंगाबरोबर बसणारा साधा टी-शर्ट, छातीवर खिसा किंवा बटणं नसलेला. सैल पँट आणि पांढरे मोजे. हाकामा, म्हणजे सरावाचा घेरदार पायघोळ पोशाख, कधी घ्यायचा ते तेच सांगतील. केस घट्ट बांधा. कानातलं, घड्याळ, अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्र किंवा गळ्यातली चेन शक्यतो घरीच ठेवा, निदान शर्टाच्या आत खोचा, कारण दोर छातीला आणि गालाला घासून जातो आणि त्यात काहीही अडकू शकतं. ओढणी नको. नखं कापून या. दहा मिनिटं आधी पोहोचा, कारण झाडू मारायचं काम नव्यांकडे असतं.